सर काय म्हणतात

हेडसरांना झटका आला त्याला आता वर्ष होत आलं होतं, आणि या वर्षभरात ते जितके लोकप्रिय झाले तितके धडधाकट असताना कधीच नव्हते. धडधाकट होते तेव्हा त्यांना लांबून पाहून मुलं रस्ता बदलायची, आणि मुलांचे बापही, कारण तेसुद्धा त्यांच्याच हातचा मार खाऊन मोठे झाले होते. आता मात्र दिवसाआड कुणी ना कुणी भेटायला यायचं, पलंगाजवळ खुर्ची ओढून बसायचं आणि जाताना दारात म्हणायचं, “आजारपणाने माणसाचं सोनं झालं हो.”

हे सोनं कुठल्या खाणीतून निघत होतं, ते फक्त मास्तरीणबाईंना ठाऊक होतं.

मास्तरीणबाईंनी जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. हेडमास्तरांची बायको म्हणून मास्तरीणबाई, एवढीच त्यांची पदवी. लग्न होऊन आल्या तेव्हा बोलक्या होत्या म्हणे. पण त्यांनी “अहो, मला वाटतं” एवढं म्हटलं की सर म्हणायचे, “तुला काय वाटतं ते कुणी विचारलंय?” असं वर्षानुवर्षं ऐकल्यावर बाईंना वाक्याचं पहिलं टोक बाहेर काढून उरलेलं गिळायची सवय लागली. माणसं म्हणायची, बाई गरीब आहेत, पण डोक्याने जरा बेताच्याच. बाईंनी तेही गिळलं.

झटक्याने सरांचं उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. डोकं शाबूत राहिलं, पण तोंडातून फक्त घोगरा आवाज यायचा. डावा हात हलत होता, मात्र तो आधीपासूनच थरथरायचा, त्यात पेन काही ठरेना. मानही डुगडुगायची, त्यामुळे ती ‘हो’साठी हलतेय की ‘नाही’साठी हे कुणाला कळायचं नाही. इस्पितळात पहिल्यांदा सर गुरगुरले तेव्हा डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. “काय म्हणतात सर?” त्यांनी विचारलं आणि उत्तरासाठी थांबले.

सर काय म्हणाले ते बाईंना नीट कळलं होतं. सर डॉक्टरला गाढव म्हणाले होते. एवढी वर्षं तो शब्द रोज कानावर पडलेला, तो घोगरा झाला म्हणून काय ओळखू येणार नाही? पण समोरचा माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत थांबला होता, आणि असं कुणी थांबायची बाईंना सवय नव्हती. त्या म्हणाल्या, “म्हणतात, तुमची सकाळपासून धावपळ चाललीय, जरा टेका.” डॉक्टर खुर्चीवर टेकले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून सरांना वॉर्डातली सगळ्यात चांगली खाट मिळाली.

बाईंना याची चटक लागली, हे कबूल केलं पाहिजे. घरी आल्यावर सर गुरगुरले की पाहुणे विचारायचे, “काय म्हणतात?” आणि बाई सांगायच्या. शेजारचा नापास झालेला मुलगा आला तेव्हा सरांनी त्याला हाकलून द्यायला फर्मावलं. बाई म्हणाल्या, “म्हणतात, चूक करून आलेल्याला आधी पाणी द्यावं, मग प्रश्न विचारावेत.” त्या वेळी सरांचे जुने सहकारी, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, तिथेच बसले होते. हे मास्तर सरांचे पट्टशिष्य. हयातभर सरांच्या शिव्या खाल्ल्या, आणि त्यांना त्या पचल्याही. त्यांनी ते वाक्य जाऊन शाळेच्या दारातल्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं आणि खाली सरांचं नाव घातलं. मग तो नेमच पडला. दर सोमवारी मास्तर वही घेऊन यायचे, सर गुरगुरायचे, बाई सांगायच्या, आणि फळ्यावर नवा विचार चढायचा. बाजारात जाताना बाई तो वाचायच्या. आपली वाक्यं एवढी बरी असतात हे त्यांना त्या वयात, फळ्यावरून कळत होतं, आणि खालचं नाव वाचलं की तोंड कडू व्हायचं.

सर सुरुवातीला चवताळायचे. एकदा त्यांनी डाव्या हाताने पेला भिरकावला. “हात थरथरतो हो,” असं म्हणत बाईंनी काचा गोळा केल्या. पण पुढे पुढे पाहुणे फळं आणायला लागले, माजी विद्यार्थी रांगेने येऊन भारावून जायला लागले, आणि सरांचं गुरगुरणं उतरलं. कौतुकाच्या वेळी तर ते डोळे मिटून घ्यायचे. बाई हे बघायच्या आणि मनात म्हणायच्या, घ्या, गोड लागतंय ना.

इथवर सगळं गमतीचंच होतं. पण बाईंनी सरांच्या नावावर एक गोष्ट अशी केली होती की ती उघडी पडली असती तर घर पुन्हा फुटलं असतं.

त्यांना मुलगा एकच. तो शिकायचं सोडून केस कापायला लागला, तेव्हा सरांनी त्याला दार दाखवलं होतं. “हेडमास्तरच्या पोटी केसकाप्या,” असं ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते. मुलगा गेला तो गेलाच. वर्षानुवर्षं फोनवर तो आईशी बोलायचा, तेही बाप घरात नसताना. सर इस्पितळातून आल्यावर बाईंनी त्याला कळवलं, “बाबा म्हणतात, बाळा, घरी ये.” तो दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

“बाबांनी स्वतः बोलावलं म्हणून आलो,” तो आईला म्हणाला होता. “तू बोलावलं असतंस तर आलो नसतो. रागावू नकोस, पण तुझ्या एकटीच्या शब्दावर या घरात कोण राहू देतं?”

बाई रागावल्या नाहीत. शब्द खराच होता. मुलाने दोन गल्ल्या सोडून दुकान थाटलं, घराच्या वरच्या खोलीत बिऱ्हाड केलं, आणि रोज सकाळी तो गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बापाची दाढी करायला लागला. सर वस्तऱ्याखाली गुरगुरायचे. “काय म्हणतात?” मुलगा विचारायचा. “हात हलका आहे म्हणतात तुझा,” बाई सांगायच्या, आणि तेवढा मोठा बाप्या मुलगा कानापर्यंत लाल व्हायचा.

घोळ घातला तो ड्रॉइंग मास्तरांनी. सरांचं आत्मचरित्र यायला हवं असं त्यांच्या डोक्यात शिरलं. “सगळं वहिनींमार्फत येतं,” ते म्हणाले. “उद्या वहिनींना काही झालं तर विचारांचं काय?” वहिनींना काही झालं तर सरांच्या जेवणाखाण्याचं काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. इस्पितळात अशा रोग्यांना कॉम्प्युटर लावून देणारी एक बाई आहे, तिला ते परस्पर सांगून आले. मास्तरीणबाईंनी नाना सबबी काढल्या. सरांना कॉम्प्युटरचा तिटकारा आहे, डोळे दुखतात, प्लग सैल आहे. मास्तर प्लगसुद्धा बसवून गेले.

ती कॉम्प्युटरवाली निघाली रोखठोक बोलणारी. सर गुरगुरले आणि बाईंनी नेहमीप्रमाणे “म्हणतात” एवढं म्हटलं, तर तिने हात वर केला. “तुम्ही नको. त्यांना काय ते सांगू द्या.”

सरांनी थरथरतं बोट एका बटणावर ठेवलं तर पडदाभर नुसते क. क मागून क, थांबायचं नावच नाही. शेजारची बटणं लागली ती वेगळीच. कॉम्प्युटरवालीने ते पुसलं आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरली. एकच अक्षर पुन्हा पुन्हा उमटायचं तिने आधी बंद केलं. मग बटण नुसतं शिवलं तर ते धरायचं नाही, थोडा वेळ दाबून ठेवलं तरच घ्यायचं, असं ठरवून दिलं. तो वेळ कमी ठेवला की कचरा यायचा, जास्त ठेवला की सरांचं बोट दमून आधीच घसरायचं. ती परत परत मागेपुढे करत राहिली, आणि दर वेळी सरांनाच विचारत राहिली. अक्षर मान्य झालं की टिक असा आवाज यायचा. शिफ्ट आणि दुसरं बटण एकदम दाबायची गरज ठेवली नाही. आधी शिफ्ट दाबून सोडायचं, मग अक्षर. शेवटी तिने कीबोर्डवर प्लास्टिकची एक जाड पट्टी बसवली. तिला प्रत्येक बटणावर एक भोक, म्हणजे हात पट्टीवर टेकवता येतो आणि बोट हवं त्याच भोकात उतरतं.

टिक, टिक, टिक करत सरांनी लिहिलं: पाणी.

बाईंनी पळत जाऊन पाणी आणलं. सर प्यायले. या माणसाने वर्षभरात स्वतःहून मागून घेतलेला तो पहिला घोट होता, आणि बाईंना खरोखर आनंद झाला. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी डोळे पुसले. मग त्यांना भीती वाटली, ती मात्र पुसता येईना.

जाताना कॉम्प्युटरवालीने बाईंना शिकवून ठेवलं. उजवीकडचं शिफ्ट बराच वेळ दाबून धरलं की हे दाबून ठेवायचं सेटिंग बंद होतं, पुन्हा तसंच धरलं की चालू. “चुकून बंद झालं तर घाबरू नका,” ती म्हणाली. “रोज सराव घ्या. रविवारी येऊन बघते.” ड्रॉइंग मास्तरांनी लगेच जाहीर केलं की रविवारी सर चारचौघांत पहिला विचार स्वतः लिहितील.

सराव सुरू झाला. पंखा. उशी. दार लाव. बाई निमूटपणे पंखा लावायच्या, उशी सरकवायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चहा आणून ठेवला तर सर बटणं दाबतच होते. आधी शिफ्ट, मग ख. सर दमायचे, थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. चहावर साय धरली तेव्हा शब्द पुरा झाला. खोटारडी.

सरांनी श्वास घेतला आणि आणखी एक शब्द लिहिला. रविवारी.

शनिवारी दुपारी सर झोपले होते, मुलगा दुकानात होता. बाई कीबोर्डपाशी जाऊन बसल्या. उजवीकडचं शिफ्ट त्यांना पाठ झालं होतं. दाबून धरायचं, बस. उद्या पडदाभर क क क येतील, कॉम्प्युटरवालीला ते कळेपर्यंत सर दमून जातील, लोक चहा पिऊन उठतील. असं दर वेळी केलं तर महिनाभरात सगळेच कंटाळतील. मुलगा वरच्या खोलीत राहील, सकाळी दाढी होईल, हात हलका आहे म्हणता येईल. त्यांनी बोट ठेवलं.

आणि उचललं. मुलगा जाईल या विचाराने त्यांना रडू फुटत होतं, तरी उचललं. वाक्य अर्ध्यात तोडलं की माणसाला काय होतं, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? सर कसेही असोत, त्यांनी तोडलं तसं आपल्याला तोडता यायचं नाही, असं त्या स्वतःशीच मोठ्याने म्हणाल्या. मग स्वतःला मूर्ख म्हणाल्या आणि उद्यासाठी कपबश्या काढून ठेवायला गेल्या.

रविवारी खोली भरली. मोठ्या वन्सं, म्हणजे सरांची बहीण, सगळ्यात आधी येऊन बिस्किटांच्या बशीजवळ बसल्या. ड्रॉइंग मास्तर वही उघडून तयार. मुलाने सकाळची दाढी नुकतीच उरकली होती, तो खांद्यावर टॉवेल टाकून पलंगामागे उभा होता. कॉम्प्युटरवालीने दोन मिनिटं खुटखुट केली आणि म्हणाली, “सर, तुमच्या सवडीने.”

टिक. टिक. सगळे मान लांबवून बघत होते. ड्रॉइंग मास्तर शब्द उमटेल तसा मोठ्याने वाचायला लागले. “चहा... पाणचट.” ते हसले. “सरांचा विनोद बघा.”

मग सरांनी त्यांच्याकडे वळून त्यांचा समाचार घेतला. मास्तर वाचत होते म्हणून वाचत गेले. “मास्तर, तुमच्या चित्रातला घोडा... कायम... गाढवासारखा दिसायचा.” एवढं वाचून त्यांचा आवाज बसला. पुढचं वन्संनी स्वतःच वाचलं. “ताई नुसती खायला येते.” त्यांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

सर आता रंगात आले होते. कपाळावर घाम, पण बोट थांबेना. शेवटची ओळ कुणीच मोठ्याने वाचली नाही. पडद्यावर आलं होतं: हा केसकाप्या घरात कोणी घेतला.

मुलाने ते वाचलं. खांद्यावरचा टॉवेल काढून त्याने पलंगाच्या कठड्यावर ठेवला.

“बटणं बिघडलीत,” ड्रॉइंग मास्तर म्हणाले.

“बटणं ठीक आहेत,” कॉम्प्युटरवाली म्हणाली.

“अहो, सरांनी असं बोलणं शक्य आहे का? वर्षभर आम्ही ऐकतोय ना त्यांना. तुम्ही ते सेटिंग जरा सौम्य करा.”

“सौम्य म्हणजे?”

“बटण आणखी जास्त वेळ दाबावं लागेल असं करा. म्हणजे विचार करून लिहितील.”

“ते सेटिंग बोटाला लागतं,” ती म्हणाली. “स्वभावाला नाही.”

“आधी ते भोकांचं झाकण काढा,” वन्संनी फर्मावलं. “त्या झाकणानेच झालंय. माझा भाऊ देवमाणूस आहे.”

वर्षापूर्वी याच वन्सं याच भावाला कसाई म्हणायच्या. बाईंना हसूच आलं असतं, पण मुलगा जिन्याकडे वळला होता. त्या उठून उभ्या राहिल्या.

“यंत्राला काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “हे सगळं त्यांचंच आहे. वर्षभर जे ऐकलंत ते माझं होतं. ते शिव्या द्यायचे आणि मी मला वाटेल ते सांगायचे. फळ्यावरचं सगळं माझं.”

एवढं लांब बोलणं बाईंनी त्या खोलीत पहिल्यांदा शेवटापर्यंत नेलं होतं. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. मग वन्सं हसल्या.

“वहिनी, अगं तू? तुला दूधवाल्याला निरोप धड सांगता येत नाही, आणि तू विचार सांगणार?”

ड्रॉइंग मास्तर फार मायेने बोलले, आणि ती माया बाईंना चपराकीसारखी लागली. “वहिनी, तुमचा दोष नाही. थोर माणसाच्या सहवासात असं होतं. त्यांचे विचार आपलेच आहेत असं वाटायला लागतं.”

मुलगा पहिल्या पायरीवरून म्हणाला, “म्हणजे मला बाबांनी बोलावलंच नव्हतं.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मी बोलावलं.”

त्याने वर बघितलं, जिथे त्याची पिशवी होती.

“एक मिनिट,” ड्रॉइंग मास्तर म्हणाले. “सरांनाच विचारू की. सर, फळ्यावरचे विचार तुमचे की वहिनींचे? लिहा. जे लिहाल ते आम्ही मानू.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

सरांनी सगळ्यांकडे नजर फिरवली. मास्तर, त्यांची वही, भिंतीपाशी उभे राहिलेले दोन माजी विद्यार्थी, वन्सं. आठवडाभर या माणसाने याच दिवसाची वाट पाहिली होती. बायकोला खोटं पाडायला आता एकच शब्द पुरेसा होता. पण तो लिहिला असता तर रांगा गेल्या असत्या, फळं गेली असती, शाळेच्या दारातलं नाव गेलं असतं, आणि उरला असता तो मुलांनी रस्ता बदलावा असा म्हातारा. बाई नवऱ्याला आरपार ओळखत होत्या. त्यांनी त्याच्या चेहऱ्यावर हिशोब चाललेला पाहिला.

टिक. टिक. सर सावकाश लिहीत होते. माझे.

“बघा,” ड्रॉइंग मास्तर म्हणाले. माजी विद्यार्थ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कॉम्प्युटरवालीने बाईंकडे पाहिलं, एवढंच.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा येऊन बसला. बाईंना असा संताप आला की कान तापले. त्यांची जन्मातली सगळी पुरी झालेली वाक्यं या माणसाने तेवढ्यात उचलून खिशात घातली होती. आणि त्याच संतापात त्यांना पुढचं सुचलं.

“सगळे तुमचे?” त्यांनी विचारलं.

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“सगळ्यांसमोर विचारते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको. पाणी द्यावं आणि मग विचारावं, हे तुमचं. मग बाळा, घरी ये, हेसुद्धा तुम्हीच म्हणालात ना? की तेवढं एकच माझं?”

मास्तरांचं पेन थांबलं. “तोही फार मोठा विचार आहे, सर,” ते भारावून म्हणाले. “बापाने मुलाला क्षमा करणं.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सरांची मान डुगडुगत होती. त्यांचं बोट पट्टीवरून एका भोकापाशी गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं. ते गुरगुरले. कुणीतरी सवयीने विचारलं, “काय म्हणतात?” बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. यावेळी त्या एक अक्षरही सांगणार नव्हत्या.

टिक. बऱ्याच वेळाने आणखी एकदा टिक.

हो.

मुलगा पायरीवरून उतरून पडद्यापाशी आला. ते एवढंसं वाचायला त्याला पुष्कळ वेळ लागला. त्याला त्यातलं किती खरं वाटलं ते त्यालाच माहीत. पण बापाच्या बोटाने लिहिलेलं त्याला हवं होतं, आणि ते तिथे होतं. त्याने कठड्यावरचा टॉवेल उचलून खांद्यावर टाकला आणि बापाच्या कपाळावरचा घाम पुसला. सरांनी डोळे मिटून घेतले.

ड्रॉइंग मास्तरांनी सगळं वहीत उतरवलं. वन्संनी बशीतलं उरलेलं बिस्कीट घेतलं आणि वहिनीने कोमट झालेला चहा पुन्हा ठेवावा असं सुचवलं. मास्तरीणबाई कप गोळा करून आत गेल्या. त्यांना रडायचं होतं, पण हसूच यायला लागलं, म्हणून त्यांनी नळ सोडला. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यात नवऱ्याने आज पहिल्यांदा त्यांचं ऐकलं होतं, आणि तेही स्वतःचं म्हणून.